बीपीची गोळी ‘कॅल्शियम ब्लॉकर’, आणि वर कॅल्शियमचीही गोळी : दोन्ही सोबत कशा चालतात?

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. आई ६८ वर्षांची, गावी असते (औसा तालुका). बीपीसाठी अम्लोडिपिन ५ बरीच वर्षं सुरू आहे. नुकतीच हाडांची तपासणी केली, हाडं ठिसूळ निघाली, म्हणून डॉक्टरांनी कॅल्शियम ५०० आणि व्हिटॅमिन डी३ लिहून दिलं. औषधाच्या दुकानातल्या पोरानं तिला सांगितलं, “मावशी, ही बीपीची गोळी कॅल्शियमला अडवती. मग ही दुसरी खाऊन काय उपयोग?” आईच्या डोक्यात ते इतकं बसलं की तिनं बीपीची गोळी परस्पर बंद केली.

अम्लोडिपिन नेमकं कुठलं कॅल्शियम अडवतं? रक्तातलं, हाडातलं, की आणखी कुठलं? आईला नुसतं “डॉक्टर म्हणालेत म्हणून घे” सांगून पटत नाही. आयुष्यभर शेती केलेली बाई आहे, कारण सांगितलं की ऐकते. ते कारण मलाच नीट माहीत नाही, म्हणून हा धागा.

कडबा
ताई, चर्चा होत राहील. आधी डॉक्टरांना फोन लावा आन् गोळी बंद झालीय हे सांगा. बीपीची गोळी अशी मधीच सोडायची नसती.

मांजराकाठ
@कडबा, लगेच लावला. उद्या सकाळपासून पुन्हा सुरू करायला सांगितली, आठवड्यानं बीपी बघायचं. कॅल्शियमही चालू ठेवा म्हणाले. पण ओपीडीत गर्दी होती, कारण विचारायला वेळ मिळाला नाही.

अंबाजोगाईची_टेकडी
मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता येईल, पण आईंना कारण हवंय, म्हणून जरा मुळापासून लिहिते.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण एक किलो कॅल्शियम असतं. त्यातलं ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्ताच्या रिपोर्टवर ८.५ ते १०.५ मिलीग्राम प्रति डेसिलिटर अशी जी मर्यादा छापलेली असते, ते उरलेल्यातलं थोडंसं. त्यातलंही निम्म्याच्या आसपासच मोकळं, आयनच्या रूपात फिरतं. आता पेशीच्या आत बघा. पेशीभोवतीच्या द्रवात मोकळं कॅल्शियम दर लिटरला सुमारे १.२ मिलिमोल, आणि शांत बसलेल्या पेशीच्या पेशीद्रव्यात फक्त १०० नॅनोमोल. म्हणजे आत बाहेरच्या जवळजवळ दहा हजाराव्या भागाइतकंच. शिवाय पेशीची आतली बाजू ऋणभारित, आणि कॅल्शियम धनभारित. वाट मिळाली की ते आत घुसणारच.

ते आत साचू दिलं तर काय होईल? पेशीचा सगळा कारभार एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूवर चालतो, आणि त्यात फॉस्फेट असतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर प्रमाणात एकत्र आले की न विरघळणारं खनिज बनतं. हाडात ते हवंच असतं, पेशीद्रव्यात अजिबात चालत नाही. म्हणून जिवंत पेशी कॅल्शियम अखंड बाहेर काढत राहते. याचा एक मोठा फायदा सजीवांनी करून घेतला. आत इतकं कमी असल्यामुळे चिमूटभर शिरलं तरी फरक लगेच जाणवतो, आणि तोच इशारा म्हणून वापरता येतो. स्नायू आकसतो, चेतातंतूच्या टोकातून रसायन सुटतं, स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडतं, या सगळ्याच्या आधी पेशीद्रव्यातलं कॅल्शियम क्षणभर वाढतं.

हे सगळं सांभाळणारी प्रथिनं पेशीच्या पटलात, म्हणजे तिच्याभोवतीच्या पातळ आवरणात, रुतून बसलेली असतात. मुख्य प्रकार तीन. चॅनेल : उघडलं की कॅल्शियम उताराच्या दिशेनं वाहतं, ऊर्जा लागत नाही. पंप : एटीपी मोडून उलट दिशेनं कॅल्शियम हलवतात. आणि अदलाबदल करणारी प्रथिनं : सोडियम आत घेतात, त्या बळावर कॅल्शियम बाहेर टाकतात. दर तीन सोडियममागं एक कॅल्शियम.

अम्लोडिपिन यातल्या फक्त एका चॅनेलवर बसतं. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशींवरचं ‘एल’ जातीचं चॅनेल. रक्तातलं कॅल्शियम ते कमी करत नाही, हाडात जाणारं अडवत नाही.

जायकवाडी_उजवा_कालवा
उत्तम प्रतिसाद, टेकडीताई. मी पाटबंधाऱ्यातला माणूस, मला हे धरणासारखं दिसलं. चॅनेल म्हणजे दरवाजे : उघडले की पाणी आपोआप खाली. पंप म्हणजे उपसा सिंचन : वीज जाळून पाणी वर चढवायचं. अम्लोडिपिननं काही दरवाजे अर्धवट लावले, म्हणून जलाशयातलं पाणी काही कमी होत नाही. बरोबर का?

अंबाजोगाईची_टेकडी
@जायकवाडी, आईंना सांगायला अगदी चालेल. फरक एवढाच की धरणाचे दरवाजे माणूस ठरवून उघडतो. इथं चॅनेल पटलावरच्या विजेच्या फरकानं स्वतःच उघडतं, हजारांश सेकंदांच्या हिशेबात. आणि दरवाजे बंद असले तरी उपसा थांबत नाही, कारण थोडी गळती कायम चालू असते.

केमिस्ट्री_परभणी
पंपांच्या शोधाची गोष्ट मला फार आवडते, म्हणून भर घालतो. १९५७ मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी खेकड्याच्या चेतातंतूत सोडियम-पोटॅशियम पंप (सोडियम पेशीबाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा) दाखवला. त्याबद्दल नोबेल मिळायला १९९७ उजाडलं. कॅल्शियम पेशीबाहेर टाकणारा पंप हान्स शात्समान यांनी १९६६ मध्ये माणसाच्या तांबड्या रक्तपेशींत दाखवला. तांबडी पेशी निवडणं हुशारीचं होतं : तिच्यात केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, म्हणजे कॅल्शियम दडवायला आत कोठारच नाही, त्यामुळे कॅल्शियम कमी झालं तर ते पटलातूनच बाहेर गेलं असणार.

दुसरा पंप पेशीच्या आतच असतो, आंतर्द्रव्यजालिकेच्या (पेशीद्रव्यात पसरलेल्या जाळ्याच्या) पटलात. नाव सर्का. हा कॅल्शियम पेशीबाहेर टाकत नाही, आतल्या कोठारात भरून ठेवतो. एक एटीपी मोडून दोन कॅल्शियम आयन. २००० मध्ये जपानच्या चिकाशी तोयोशिमा यांनी सशाच्या स्नायूतल्या सर्काची रचना अणूंच्या पातळीवर दाखवली. पेशीद्रव्याच्या बाजूनं दोन आयन येऊन बसतात, एटीपीतलं फॉस्फेट पंपालाच चिकटतं, पंपाचा आकार पालटतो आणि आयन पलीकडच्या बाजूला सुटतात. परत येताना तो हायड्रोजन आयन घेऊन येतो. स्नायू सैल पडतो तो या पंपामुळे. आकसायला कॅल्शियम सोडावं लागतं, सैल व्हायला ते परत भरावं लागतं, आणि परत भरण्याला ऊर्जा लागते. मेल्यावर जनावर ताठतं त्याचंही कारण इथंच आहे. एटीपी संपतं, पंप थांबतात, कॅल्शियम पाझरतं, आणि स्नायूतंतूंची एकमेकांवरची पकड सुटायलाही एटीपी उरलेलं नसतं.

वैशाख_वणवा
वाचतेय. वाखू (वाचनखूण) साठवली.

पशुवैद्य_उदगीर
मला राहवत नाही म्हणून लिहितो. पेशी, पंप, चॅनेल हे पुस्तकातलं वाटतं, पण मी हे गोठ्यात बघतो.

जर्सी संकरित गाय, तिसरं-चौथं वेत, व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत अचानक बसते. उठता येत नाही. मान पोटाकडं वळवून पडते, कान गार, अंग गार, रवंथ बंद. मिल्क फीव्हर. कारण रक्तातलं कॅल्शियम एकदम पडलेलं. दहा लिटर चीक काढला तर त्यातून सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि गाईच्या सगळ्या रक्तद्रवात एका वेळी असतं जेमतेम तीन ग्रॅमच्या आसपास.

आता टेकडीताईंच्या मुद्द्याकडं येतो. कासेतल्या पेशी दुधात कॅल्शियम ढकलतात तेही पंपानंच. ज्या उंदरांत हा पंप नसतो त्यांच्या दुधातलं कॅल्शियम निम्म्याहून कमी होतं. म्हणजे कासेचा पंप व्याल्याबरोबर जोरात सुटतो. पण आतड्यातून कॅल्शियम आत घेणारी यंत्रणा (पेशीच्या वरच्या बाजूला चॅनेल, आत वाहून नेणारं प्रथिन, खालच्या बाजूला रक्ताकडं टाकणारा पंप) व्हिटॅमिन डीच्या हुकमानं तयार होते, आणि तिला एक-दोन दिवस लागतात. त्या मधल्या वेळात गाय पडते.

शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट दिलं की बाटली संपता संपता गाय थरथरते, ढेकर देते, शेण टाकते आणि उठते. मी हे कितीतरी वेळा बघितलंय आणि अजूनही प्रत्येक वेळी बरं वाटतं. पण ते हळूहळू, हृदयाचे ठोके ऐकतच द्यायचं. घाई केली तर हृदय थांबतं. हात जोडून सांगतो, ही बाटली मेडिकलमधून आणून घरी शिरेत लावू नका.

कडबा
डॉक्टरसाहेब, आमी तर गाभण गाईला शेवटच्या महिन्यात कॅल्शियमचं टॉनिक रोज पाजायलोय. लसूणघासबी भरपूर. मग ती पडायची नाही ना?

पशुवैद्य_उदगीर
@कडबा, भाऊ, इथं माझं मत स्पष्ट आहे : व्यायच्या आधीच्या तीन आठवड्यांत ते टॉनिक बंद करा, लसूणघासही कमी करा. बाहेरून भरपूर मिळत असलं की रक्तातलं कॅल्शियम भरलेलं राहतं, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारी पॅराथायरॉइड ग्रंथी सुस्त राहते, आतड्यातली आणि हाडातली यंत्रणा जागीच होत नाही. मग व्याल्यावर एकदम गरज पडते आणि यंत्रणा झोपलेली. वर लसूणघासात पोटॅशियम जास्त, त्यानं त्या ग्रंथीच्या संप्रेरकाला शरीर दाद देईनासं होतं. व्याल्यानंतर मात्र कॅल्शियम द्यायचं.

नळदुर्ग_बुरुज
@पशुवैद्य, पटत नाही. आमच्या गोठ्यात वडिलांच्या काळापासून गाभण जनावराला चुन्याची निवळी पाजतात. एकही गाय बसली नाही.

पशुवैद्य_उदगीर
@नळदुर्ग, तुमच्याकडं कुठलं जनावर आहे?

नळदुर्ग_बुरुज
देवणी. दोन लाल कंधारीपण होत्या.

पशुवैद्य_उदगीर
तिथंच उत्तर आहे. या गाईंना दूध बेताचं, कासेतून निघून जाणारं कॅल्शियमही बेताचं. निवळी पाजली काय, न पाजली काय, त्या पडत नाहीत. हीच निवळी वीस लिटरच्या जर्सीला पाजून बघू नका.

नळदुर्ग_बुरुज
हं. याचा विचार करावा लागेल. भावानं संकरित गाय घेतलीय, त्याला आजच दाखवतो.

धारूरची_लेक
एक शंका. रक्तात कॅल्शियम कमी झालं तर माणसाला पेटके येतात, बोटं वाकडी होतात असं ऐकलंय. मग गाय ढिली का पडते? उलट व्हायला पाहिजे ना?

अंबाजोगाईची_टेकडी
फार नेमका प्रश्न! दोन्ही परिणाम खरे आहेत. बाहेरचं कॅल्शियम कमी झालं की चेतातंतूवरची सोडियम चॅनेलं सहज उघडायला लागतात, तंतू उगाचच पेटतो. माणसात हे आधी दिसतं. आणि तंतूच्या टोकाशी, स्नायूला निरोप देणारं रसायन सोडायला कॅल्शियम चॅनेलमधून आत यावं लागतं. तेच अपुरं पडलं तर निरोप पोचत नाही. गाईतही सुरुवातीला थरथर असतेच, पण थोडा वेळ. नंतर दुसरा परिणाम वरचढ होतो. शिवाय आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या स्नायूंना तर आकसायला बाहेरून येणारं कॅल्शियमच लागतं. म्हणून रवंथ थांबतं.

केमिस्ट्री_परभणी
हृदयाचंही थोडंफार तसंच. १८८३ मध्ये लंडनच्या सिडनी रिंगर यांनी बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात ठेवून ते धडकतं का बघितलं. नळाच्या पाण्यात बनवलेल्या द्रावणात ते धडकत राहायचं, शुद्ध पाण्यात बनवलं की थांबायचं. नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम हे त्याचं कारण निघालं. दवाखान्यात आजही ‘रिंगर लॅक्टेट’ची बाटली लावतात ती याच रिंगरांच्या नावाची.

बोअर_६००_फूट
अवांतर : मग आमच्या बोअरच्या पाण्यात धडकणारी हृदयं लई बळकट असतील. 😄 गिझरच्या कॉइलवर बोटभर पांढरा थर चढतोय. खरंच विचारतो, या जड पाण्यानं मुतखडा होतो का?

केमिस्ट्री_परभणी
@बोअर, नुसत्या जड पाण्याला दोष देऊ नका. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात हे खरं, पण जेवणासोबतचं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि शेणावाटे, माफ करा, शौचावाटे बाहेर काढतं. (पशुवैद्यांच्या प्रतिसादांचा परिणाम.) आपल्याकडं खरी अडचण उन्हाळ्यात पाणी कमी पिण्याची. ४२ अंशांत रानात काम करायचं आणि दिवसभरात दोन तांबे पाणी. लघवी घट्ट झाली की खडा धरतो.

वैशाख_वणवा
२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा लातुरात होते. दोन तांबेच मिळत होते तेव्हा. विषय बदलत नाही, पण “पाणी कमी पितात” यामागं नुसती सवय नाही, एवढंच.

केमिस्ट्री_परभणी
@वैशाख, शंभर टक्के मान्य.

कन्हेरी_फुलं
वर सोडियमच्या बळावर कॅल्शियम बाहेर टाकणाऱ्या प्रथिनाचा उल्लेख आला. त्यावर एक महत्त्वाची गोष्ट. हृदयाच्या पेशीत हे प्रथिन फार कामाचं. १७८५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी फॉक्सग्लोव्ह या झाडाच्या पानांचा हृदयरोगात उपयोग लिहून ठेवला. त्यातूनच पुढं डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध आलं. ते कॅल्शियमला हातही लावत नाही. सोडियम पंप थोडा अडवतं, पेशीत सोडियम वाढतं, मग तीन सोडियम आत घेऊन एक कॅल्शियम बाहेर टाकायचा जोर कमी होतो, आतल्या कोठारात कॅल्शियम जास्त भरलं जातं, आणि पुढचा ठोका जोरात पडतो.

आपल्या अंगणातली कण्हेर आणि पिवळी बिट्टी, दोन्हींत याच जातीची विषं आहेत. लहान मुलं बिट्टीच्या बिया खेळायला घेतात. कुणाच्या पोटात गेल्याची नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात न्या. ठोके बिघडायला वेळ लागत नाही.

धारूरची_लेक
हे माहीत नव्हतं. आमच्या शाळेच्या कुंपणाला पिवळी बिट्टीच आहे. पालकसभेत सांगते.

जायकवाडी_उजवा_कालवा
अवांतरात अवांतर : विंचवाच्या विषाचा यात काही संबंध? आपल्या जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडला त्यावर काम केलं.

अंबाजोगाईची_टेकडी
आहे, आणि सरळ आहे. लाल विंचवाचं विष चेतातंतूंची सोडियम चॅनेलं उघडी ठेवतं, त्यामुळे अंगात अॅड्रेनलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो. ती रक्तवाहिनीच्या अल्फा ग्राहीवर (त्यांचा निरोप घेणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनावर) बसतात, पेशीत आयपी३ नावाचा रेणू तयार होतो, तो आतल्या कोठाराचं चॅनेल उघडतो आणि कॅल्शियम पेशीद्रव्यात सुटतं. वाहिन्या आवळतात, हृदयावर प्रचंड ताण येतो. बावस्करांनी वापरलेलं प्राझोसिन हा अल्फा ग्राहीच अडवतं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

फिजिशियन_नांदेड
सगळा धागा वाचला, आनंद झाला. आता मूळ प्रश्नावर.

@मांजराकाठ, रक्तवाहिनीच्या स्नायूपेशीत कॅल्शियम शिरलं की ते कॅल्मोड्युलिन या प्रथिनाला जोडलं जातं, पुढची साखळी चालते आणि वाहिनी आवळते. अम्लोडिपिन ते शिरणं कमी करतं, वाहिनी सैलावते, दाब उतरतो. आई ५०० मिलीग्रामची गोळी खातील त्यातला काही भागच आतड्यातून शोषला जाईल. रक्तातली पातळी तर पॅराथायरॉइड, मूत्रपिंड आणि हाडं मिळून ठरलेल्या मर्यादेत धरून ठेवतात. म्हणजे चॅनेलच्या बाहेरचं कॅल्शियम जवळपास आहे तेवढंच राहतं, आणि नेहमीच्या मात्रेत या गोळीनं अम्लोडिपिनचा परिणाम पुसला जात नाही. उलट बाजूनंही तसंच, अम्लोडिपिनमुळे हाडांना कॅल्शियम कमी पडत नाही. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी आज्या या दोन्ही गोळ्या सोबत घेतात.

लक्ष ठेवायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. बीपीच्या गोळीत थायझाइड जातीचं लघवीचं औषध मिसळलेलं असेल तर सांगा, कारण ते मूत्रपिंडातून कॅल्शियम परत आत घ्यायला लावतं आणि वर गोळी चालू असली तर रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. अम्लोडिपिननं पायाला सूज येते कधीकधी, ती वाहिन्या सैलावल्यामुळे. कॅल्शियमच्या गोळीला त्याचा दोष देऊ नका. आणि मुतखडा होऊन गेला असेल तर डॉक्टरांना माहीत असू द्या.

मांजराकाठ
खूप खूप आभार. काल फोनवर आईला धरणाचे दरवाजे आणि उपसा सांगितला. “मग त्या पोरानं काय सांगितलं उगं?” म्हणाली आणि गोळी घेतली. एक राहिलंच, तिला थायरॉइडची गोळीपण आहे, सकाळी उपाशीपोटी. कॅल्शियम कधी द्यायचं?

फिजिशियन_नांदेड
दोन्हींत किमान चार तासांचं अंतर ठेवा. कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं. सकाळी थायरॉइडची गोळी, दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणासोबत कॅल्शियम. गोळी कॅल्शियम कार्बोनेटची असेल तर जेवणासोबत जास्त चांगली शोषली जाते. लोहाची गोळी असेल तर तीही वेगळ्या वेळी.

सोयाबीन_औसा
उशिरा आलोय धाग्यावर. माणसं झाली, गाई झाल्या, विंचू झाला. झाडाच्या पेशीत बी असंच असतंय का?

वनस्पती_हिंगोली
@सोयाबीन_औसा, असतंय, आणि तुमच्याच पिकाचं उदाहरण देते. रायझोबियमचे, म्हणजे मुळावरच्या गाठींत नत्र धरणारे, जिवाणू मुळाजवळ आले की एक रसायन सोडतात. ते ओळखलं की मूळरोमाच्या पेशीत, केंद्रकाच्या आत आणि भोवती, कॅल्शियम ठरावीक लयीत वर-खाली व्हायला लागतं. केंद्रकाच्या पटलातली चॅनेलं ते सोडतात आणि सर्काच्या घराण्यातला पंप ते परत भरतो. सोयाबीनच्याच कुळातल्या मेडिकॅगो या छोट्या झाडात हे तपशिलानं अभ्यासलंय. ही लय वाचणारं एक प्रथिन केंद्रकात असतं. ते जागं झालं तरच झाड जिवाणूला आत घेतं आणि गाठ बांधतं. चॅनेल किंवा पंप बिघडवलेल्या झाडांत गाठी धरत नाहीत.

दुष्काळातही हेच. मुळं कोरडी पडली की पानात अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं, पर्णरंध्राच्या रक्षक पेशींत कॅल्शियम चढतं, त्यामुळे दुसरी चॅनेलं उघडतात, पेशीतले आयन आणि पाणी बाहेर जातं आणि रंध्र मिटतं. पावसाच्या खंडात सोयाबीन तग धरतं ते काही अंशी यावर.

सोयाबीन_औसा
मग पेरताना बियाण्याला जिवाणू लावतो ते चिकटले का नाही हे कसं कळावं?

वनस्पती_हिंगोली
पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी दोन-चार झाडं मुळासकट हलक्या हातानं खणून काढा, ओढू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. नखानं गाठ फोडा. आतून गुलाबी-लाल असेल तर नत्र धरणं चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. आणि बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यात शेवटी, सावलीत, पेरायच्या थोडं आधी.